उदाहरण गल्लीतलं पाहिजे

अकोल्याकडच्या मालेगावच्या बस स्टँडसमोर बियाण्यांचं एक दुकान आहे. त्याच्या वरच्या खोलीत इंग्रजी संभाषणाचा वर्ग भरायचा. मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. मुख्य कार्यालयाकडून इंग्रजी निवेदनं येत. त्यांची मराठी बातमी करताना मोठे शब्द अडवत नसत, ते शब्दकोशात सापडत. अडवायची ती साधी क्रियापदं. 'गिव्ह' माहीत होतं, 'अप' माहीत होतं, पण दोन्ही शेजारी आली की अर्थ हातातून निसटायचा. वर्गात येणाऱ्या बहुतेकांची हीच तक्रार होती.

शिकवणारे सर अकोल्याहून एसटीनं येत आणि वर्ग संपला की परत जात. स्टँड, वर्ग आणि खालची चहाची टपरी एवढंच मालेगाव त्यांना माहीत होतं. ते फळ्यावर क्रियापद लिहीत, अर्थ लिहीत नसत. वर्गाकडे वळून विचारत, "हे कोणाच्या घरी झालं?"

पुस्तकातलं उदाहरण चालत नसे. त्यांचं म्हणणं असं, की माणूस व्याकरण विसरतो, शेजाऱ्याची भानगड विसरत नाही. नियम दोनच होते. नाव घ्यायचं नाही, घर कुठलं ते सांगायचं. आणि घटना खरी पाहिजे.

'लुक डाउन ऑन' शिकवलं तो दिवस मला आठवतो. बागवान गल्लीतल्या एका फळविक्रेत्याचा मुलगा उभा राहिला.

"सर, आमच्या मशिदीच्या अंगाला एक घर हाय. धाकटी सून डीएड, मोठी चवथी पास. धाकटी मोठीच्या हातचा चाय पेत नाई."

"वाक्य करा."

"द यंगर वाइफ लुक्स डाउन ऑन द एल्डर वाइफ."

"आता हे विसराल?"

"मेलो तरी नाई, सर."

वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी सरांनी 'लुक डाउन ऑन' म्हणताच सगळे एका सुरात म्हणाले, "मशिदीच्या अंगाचं घर!" 'पुट अप विथ' म्हणजे पाण्याच्या टाकीखालचा शिंपी, त्याचा दारुडा भाऊ दुकानासमोर येऊन शिव्या घालायचा आणि शिंपी मशीनवरून मान वर करत नसे. 'रन आउट ऑफ' म्हणजे जुन्या नाक्यावरचं लग्नघर, जिथे वऱ्हाडी पंगतीत बसलेले असताना वरण संपलं. काही आठवड्यांत साऱ्या गावाचा असा एक शब्दकोश तयार झाला. पद्धत परिणामकारक होती, हे नोंदवलं पाहिजे. मला आजही त्यातलं एकही क्रियापद अडत नाही. फक्त शब्द वाचला की आधी घर दिसतं आणि मग अर्थ.

'पुट ऑफ' आणि 'कॉल ऑफ' यांतला फरक मात्र कोणाला जमत नव्हता. एक म्हणजे पुढे ढकलणं, दुसरं म्हणजे रद्द करणं. सर दोन दिवस समजावत होते. तिसऱ्या दिवशी मोटरसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बसणारा एक जण म्हणाला, "सर, दालमिलच्या मागचं घर घ्या नं. नातीचं लगन होतं. हळद लागली अन् पोराकडल्यांनी नकार देला. घरच्यांनी गावात सांगितलं, सुतक पडलं, लगन पुढं गेलं. सुतक गितक काई नोतं. मोडलं ते."

सरांना उदाहरण फार आवडलं. त्यांनी ते फळ्यावर लिहायला लावलं. घरानं सांगितलं 'पुट ऑफ', खरं झालं 'कॉल ऑफ'. तेव्हापासून हा फरक कोणी चुकला नाही.

ती वर्गात आली त्यानंतर. मालेगावच्या शिवेवर भाजीपाला पिकवणाऱ्या एका घरातली मुलगी. मेथी, कोथिंबीर, वांगी. पहाटे बाजारात माल जायचा. तिशीच्या आतली होती. तिचं सासर किन्हीराजा गावाच्या पुढे एका खेड्यात. नवऱ्यानं घराबाहेर काढलं होतं आणि पहिलीतली मुलगी ठेवून घेतली होती. मुलगी तिकडच्या इंग्रजी शाळेत जायची.

दोन्हीकडच्या माणसांची एक बैठक आधीच झाली होती. मुलगी आईला द्यावी, असं आईचं मागणं. सासरच्यांनी उत्तर दिलं होतं, की पोरगी इंग्रजी शाळेत शिकते, आईला इंग्रजीचं अक्षर कळत नाही. शाळेचे निरोप कोण वाचणार, अभ्यास कोण घेणार? हे त्यांना सोपं आणि सभ्य कारण वाटलं असावं. बैठकीनं मध्यम मार्ग काढला. सोयाबीन निघेपर्यंत तिनं इंग्रजी शिकावं. मग पुन्हा बसू. शिकली असेल तर मुलगी तिची. कोर्टात जायला तिचा भाऊ तयार नव्हता. त्याला तिच्या सासरच्यांशी उठबस तोडायची नव्हती.

तिनं हे सगळं पहिल्याच दिवशी सरांना सांगितलं, वर्गासमोर, न अडखळता. बरोबर मोबाइलवर शाळेचे निरोपही आणले होते. मुलीच्या वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाच्या आईनं ते निरोप तिला पाठवले होते. प्रत्येक निरोपात हीच क्रियापदं होती. 'हँड इन', 'फिल इन', 'पिक अप', 'टर्न अप'.

"मले हे समजलं पायजे," ती म्हणाली. "बाकी इंग्रजी नसलं तरी चालते."

मागच्या बाकांवरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कारण ती येण्याआधीच तिचं घर शब्दकोशात होतं. 'वॉक आउट ऑन' शिकवताना कोणीतरी शिवेवरच्या भाजीवाल्याच्या मुलीचं उदाहरण दिलं होतं. नवऱ्याला सोडून आलेली. सरांना त्या घरातली बाई हीच, हे ठाऊक नव्हतं. त्यांनी उजळणी घेताना फळ्यावर तेच लिहिलं आणि विचारलं, "कोणाच्या घरी?"

मागच्या बाकावरून हसू दाबल्याचा आवाज आला. मग कोणीतरी हळूच म्हणालं, "शिवेवरचं भाजीवाल्याचं."

ती वळली नाही. सरांना म्हणाली, "ते आमचं घर हाय, सर. पन मी सोडून नाई आली. मले हाकललं. त्याले काय म्हनतात?"

"थ्रो आउट," सर म्हणाले.

"मंग ते लिवा."

सरांनी फळा पुसला आणि लिहिलं, 'ही थ्र्यू हर आउट.' तिनं ते उतरवून घेतलं. त्यानंतर वर्गाला तिची भीड उरली नाही. कोणतंही नवीन क्रियापद आलं की नजरा तिच्याकडे जात. सासूनं काय म्हटलं, दिरानं काय केलं, कपडे कसे फेकले, सगळ्याला एकेक शब्द मिळत गेला. स्पेअर पार्टवाला एकदा म्हणाला, "ताई, तुमच्या सासरी अजून काय काय झालं ते सांगून टाका, आमचा कोर्स लवकर आटपंल." वर्ग हसला, तीही हसली. तिनं सांगितलंही. ती सगळ्यांच्या पुढे गेली, कारण तिला उदाहरण शोधायला कुठे जावं लागत नव्हतं.

सोयाबीन निघालं. दुसऱ्या बैठकीची वेळ ठरली. सासरच्यांनी एक अट घातली. इंग्रजी आलं की नाही हे आपल्यापैकी कोणाला कळणार नाही, म्हणून शिकवणाऱ्या सरांनीच येऊन सगळ्यांसमोर परीक्षा घ्यावी. सरांना हा मान वाटला. त्यांना गाव माहीत नव्हतं, म्हणून मी त्यांना माझ्या मोटरसायकलवर घेऊन गेलो. वाटेत ते म्हणाले, "काळजी नको. बॅचमध्ये पहिली आहे ती."

बैठक सासरच्या गावातल्या मारुतीच्या सभामंडपात होती. एका बाजूला नवरा, त्याचे काका आणि भाऊबंद. दुसऱ्या बाजूला तिचा बाप, भाऊ आणि दोन शेजारी. बायका खांबांपलीकडे. मधे एक वयस्कर गृहस्थ बसले होते. त्यांना सगळे आबा म्हणत. आबा मालेगावचे, धान्याचे जुने व्यापारी. दोन्ही बाजूंना त्यांचा शब्द मान्य होता आणि निकाल तेच देणार होते. मी त्यांना बाजारात पाहिलेलं होतं. त्यांचं घर दालमिलच्या मागे आहे, हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. सरांना माहीत नव्हतं.

मुलीलाही आणलं होतं. शाळेच्याच गणवेशात होती, बहुधा बैठकीत शोभावं म्हणून. ती आजीच्या मांडीला टेकून पुड्यातलं बिस्किट खात होती. आईकडे पाहत होती, पण उठत नव्हती. उठायचं नाही असं तिला सांगितलेलं असावं. हा माझा अंदाज.

आबांनी सुरुवात चांगली केली. सासरच्यांना म्हणाले, "लेकरू मायचं असते. तुमी कारन काढलं, तिनं मेहनत केली. आता येत असंल तर मांगं सरकू नका." काकांनी मान डोलावली.

सरांनी शाळेचा एक निरोप वाचायला दिला. तिनं वाचला, मराठीत अर्थ सांगितला. 'हँड इन' म्हणजे जमा करणं, 'पिक अप' म्हणजे न्यायला येणं. तिच्या बापानं डोळे पुसले. नवऱ्याचे काका म्हणाले, "हे पाठ करून आली असंल. पोपट बी बोलते. सर, आपल्या इकडचं, रोजच्यातलं काई विचारा. समजते का ते पाहू."

सरांना हेच पाहिजे होतं. "आमची पद्धतच ती आहे," ते म्हणाले, आणि मांडी सावरून बसले. "टेक आफ्टर."

"माय डॉटर टेक्स आफ्टर मी."

"मराठीत?"

"माझी पोरगी माझ्यावर गेली."

बायकांत कोणीतरी "व्हय वं, नाक तेच हाय" म्हणालं. आबा हसले.

"थ्रो आउट."

तिनं सासरच्या माणसांकडे पाहिलं. मग म्हणाली, "दे थ्र्यू मी आउट." सरांनी मराठी विचारलं नाही, पण काकांनी विचारलं. तिनं सांगितलं. सासरच्या बाजूनं आवाज चढले. "कोनं हाकललं तुले? पायानं चालत गेली नं!" आबांनी हात वर केला. "इंग्रजी इचारलं, तिनं इंग्रजी सांगितलं. भांडन मंग करा. सर, आखरीचं इचारा अन् मोकळे व्हा."

सर आपल्या नेहमीच्या क्रमानं चालले होते. अवघड शेवटी ठेवायचं, ही त्यांची सवय. "पुट ऑफ आणि कॉल ऑफ. फरक सांगा. उदाहरणासहित."

"द एक्झाम वॉज पुट ऑफ," ती म्हणाली. "परीक्षा पुढं गेली."

"बरोबर. कॉल ऑफ?"

 तिनं एकदा आबांकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. पुस्तकातलं एखादं वाक्य तिला सुचलं असतं तर बरं झालं असतं. आमच्यापैकी कोणालाच पुस्तकातलं वाक्य येत नव्हतं. तसं शिकवलंच नव्हतं.

"कॉल ऑफ," सर पुन्हा म्हणाले.

"नाई येत, सर."

काका लगेच म्हणाले, "झालं! म्हन्लं नोतं का, पाठ केलेलं हाय."

सरांना हे सहन झालं नाही. बॅचमधली पहिली विद्यार्थिनी पाठ असलेल्या प्रश्नावर अडली, तीही गावासमोर. ते तिच्याकडे वाकले आणि तिला धीर देत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अहो, असं काय करता? रोज तर सांगता! दालमिलच्या मागचं घर. नातीचं लग्न. सुतक पडलं, पुढे ढकललं, असं गावात सांगितलं, पण खरं म्हणजे...?"



"मोडलं!" सरांनीच पूर्ण केलं. "कॉल ऑफ म्हणजे मोडलं. येतं यांना. घाबरल्या फक्त."

 मग नवऱ्याच्या भाऊबंदांपैकी एकानं, ओठांवरचं हसू न लपवता, विचारलं, "म्हंजे आबा, ते मोडलंच काय? आमाले तर पुढं गेलं म्हनून सांगत होते तुमी."

त्या नातीसाठी आबांनी नवीन ठिकाण पाहायला सुरुवात केली होती, हे मला नंतर कळलं. त्या वेळी फक्त एवढं दिसलं, की त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, आतून पाहिली आणि पुन्हा घातली.

सरांना चूक उमगली, पण अर्धीच. तिचा बचाव करायला हवा, एवढं त्यांना कळलं. ते आबांना म्हणाले, "यात यांचा काही दोष नाही हो. हे वाक्य यांनी दिलेलं नाही. आमच्या बॅचमध्ये जुनंच आहे. सगळ्यांना पाठ आहे."



चहा आला. सगळ्यांनी घेतला. आबांनी कप खाली ठेवला आणि निकाल सांगितला. आवाज चढवला नाही. मी त्यांचे शब्द शक्य तितके तसेच देत आहे. "इंग्रजी येते तिले. कबूल हाय. पन काय शिकली ते आपन साऱ्यांनी आयकलं. लोकांच्या घरची घान तोंडपाठ करनारी बाई लेकराले काय वळन लावन? पोरगी हाय तिथंच राहू द्या. मायनं रविवारी फोनवर बोलावं. माझं एवढंच."

तिचा बाप उठून उभा राहिला. "आबा, तिनं तर तोंड बी उघडलं नाई. तुमच्यासाठी नापास झाली ते."

"म्हनून तर," आबा म्हणाले. "तिले ठाऊक होतं."

नवऱ्याच्या काकांनी आबांच्या पायावर डोकं ठेवलं. तिच्या भावानंही ठेवलं, कारण न ठेवणं बरं दिसलं नसतं. ती खांबापलीकडे मुलीजवळ गेली. आजीनं मुलीचा हात धरलेला होता, तो सोडला नाही, पण आईला जवळ बसू दिलं. तिनं मुलीच्या तोंडाला लागलेलं बिस्किट पदरानं पुसलं. मग तिच्या भावानं ऑटो आल्याचं सांगितलं.

परतताना सर मागे बसून बराच वेळ बोलत होते. त्यांना वाटत होतं, की आपण नीट समजावून सांगायला हवं होतं, ही फक्त शिकवण्याची पद्धत आहे. मालेगावपर्यंत ते तेच सांगत होते. तिथे मी त्यांना अकोल्याच्या एसटीत बसवून दिलं. वर्ग पुढेही चालला. 'कॉल ऑफ'चं उदाहरण तेवढं बदललं. स्पेअर पार्टवाल्यानं दुसरं घर सुचवलं.

ती वर्गाला यायची थांबली, पण रविवारी यायची. शिवेवरच्या त्यांच्या मळ्यात फोनला रेंज मिळत नसे, वर्गाच्या जिन्यात चांगली मिळे. ती जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून फोन लावायची. तिकडे फोन आजीच्या हातात असे आणि आवाज मोठा केलेला असे. घरातले सगळे ऐकत, हे मागून येणाऱ्या खोकल्यांवरून कळायचं. पहिल्या रविवारी दोघी मराठीत बोलल्या. जेवली का, हो. शाळेत गेली का, हो. सगळे चांगले आहेत का, हो.

दुसऱ्या रविवारी आईनं इंग्रजीत विचारलं. मी वर्गासाठी जिना चढत होतो, ती सरकून बसली, म्हणून मला ऐकू आलं. तिकडून लहान आवाजात उत्तर आलं, तेही इंग्रजीत. शाळेत शिकवतात तसं, सुटं सुटं. आजी मला बाहेर खेळू देत नाही. आजी म्हणते, मदर रॅन अवे.

"नो," ती म्हणाली. "आय डिड नॉट रन अवे. दे थ्र्यू मी आउट. आय विल कम. आय विल पिक यू अप."

तिकडच्या घरातल्या एकाही मोठ्या माणसाला इंग्रजी येत नव्हतं. त्यानंतर काही रविवार दोघी असंच बोलत राहिल्या. मुलगी जास्त बोलू लागली. कोण मारतं, कोण काय म्हणतं, रात्री भीती कशाची वाटते. आई विचारायची आणि ऐकून घ्यायची. त्या घरानं पैसे मोजून जी भाषा मुलीला शिकवली आणि जिच्याअभावी आईला नाकारलं, तीच भाषा आता त्या घरात कोणाला कळत नव्हती.

मग एका रविवारी मधेच आजीचा आवाज आला. "काय खुसुरफुसुर करून राह्यल्या वं तुमी? कालपासून ही पोरगी रडून राह्यली. मराठी येत नाई काय तुमाले? आमच्यासमोर आमच्या बोलीतच बोलाचं. नाईतर फोन बंद."

मागून नवऱ्याचा आवाज आला, "आबाले सांगू काय, लोकांच्या घरचं अजून शिकवून राह्यली म्हनून?"

ती म्हणाली, "नाई. नाई सांगू."

तेव्हापासून ती मराठीत विचारते. जेवली का, हो. शाळेत गेली का, हो. सगळे चांगले आहेत का, हो. तिसऱ्या 'हो' नंतर आजी फोन ठेवते.